भाचीच्या जावळाआधी

मी आज जो काही आहे तो अनेकांमुळे आहे. आई-बाबा आहेत, माझी थोरली बहीण आहे, इंग्रजीची भीती घालवणारे शाळेतले सर आहेत. तरी सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी भिवंडीच्या सरकारी इस्पितळात तेव्हा असलेल्या कातडीच्या डॉक्टर मॅडमचे म्हणेन. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत, ओळखीतल्याही नव्हत्या. माझ्या त्यांच्या सगळ्या भेटी एकत्र केल्या तरी फार वेळ भरणार नाही. पण तेवढ्यात त्यांनी मला माझा आजार समजावून सांगितला, आणि तो समजल्यावर माझ्या आयुष्यातली एक मोठी भीती गेली.

बी.कॉम. झाल्यावर मला हायवेजवळच्या एका गोदामात नोकरी लागली. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायचं काम. आमच्या घरात त्याआधी कुणी खुर्चीवर बसून पगार घेतला नव्हता. बाबा जन्मभर सायझिंगमध्ये होते. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावून ते कडक करतात तो कारखाना. सूत कडक नसेल तर विणताना तुटतं, लूम बंद पडतो आणि कारीगर शिव्या देतो. खळ किती दाट, किती गरम, हे बाबांना नुसतं बोट बुडवून कळायचं. मला नोकरी लागली तेव्हा ते नुकतेच कामावरून घरी बसले होते, आणि त्यांचं सगळं कसब त्यांनी माझ्या शर्टांवर उतरवलं.

रविवारी दुपारी ते तांदळाची पेज गाळून घ्यायचे, शर्टाच्या कॉलर आणि बाह्यांची टोकं त्यात बुडवून वाळवायचे, मग पाणी शिंपडून इस्त्री फिरवायचे. कॉलर अशी उभी राहायची की शर्ट खुंटीला टांगला तरी आत माणूस आहे असं वाटावं.

"हाफिसात जाणाऱ्याची कॉलर पडली न्हाय पायजे," बाबा म्हणायचे.

मी रोज तो शर्ट घालून निघालो की गल्लीतले लूमवाले दारातून हाका मारायचे, "ओ मॅनेजर साब!" मी मॅनेजर नव्हतो. पण बाबा आत बसून ती हाक ऐकायचे, म्हणून मी कुणाला कधी दुरुस्त केलं नाही.

त्याच वर्षी मानेवर, जिथे केस संपतात त्या रेषेवर, पुळ्या यायला लागल्या. आधी केस कापून आल्यावर दोन-चार यायच्या आणि बसायच्या. मग बसेनाशा झाल्या. काहींत पू धरायचा, काही नुसत्याच कडक, दाण्यासारख्या. खाज सुटायची. झोपताना उशी टोचायची. पुढे पुढे एकेका दाण्यावरचे केसच जायला लागले आणि तिथली कातडी गुळगुळीत, उंचवट्यासारखी झाली.

आईने पाहिलं आणि लगेच निदान केलं.

"खवडं हायत रं हे. कुणाची टोपी घातलीस?"

"नाही गं."

"मग सलूनवाल्याचा कंगवा. आता पयलं काय कर, केस काढून टाक सगळं. आन् तुझा टॉवेल आलग ठेव."

खवडे हा शब्द ऐकला आणि मी मानेवरचा हात काढून घेतला. आमच्या प्राथमिक शाळेत ज्याच्या डोक्यात खवडे व्हायचे त्याचा गोटा करून, डोक्याला जांभळं औषध फासून, त्याला बसकरपट्टीच्या टोकाला वेगळं बसवायचे. त्याच्याशी कुणी डोक्याला डोकं लावून बोलायचं नाही. एकाचे बरे व्हायचे तोवर दुसऱ्याला झालेले असायचे, त्यामुळे ते लागतात याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती. कॉलेजात जाऊन माझ्या या समजुतीत काडीचाही फरक पडला नव्हता.

म्हणून मी आईचं अगदी मन लावून ऐकलं. दर आठवड्याला सलूनमध्ये जाऊन मागचे केस झीरोच्या मशीनने काढायचो, आणि मशीनने समाधान होत नसे म्हणून वर वस्तरा फिरवून घ्यायचो. आमचा सलूनवाला उत्तर प्रदेशातला, मनाने चांगला माणूस. तो मानेखाली टॉवेल खोचत म्हणायचा, "भाई, जितना साफ रहेगा उतना जल्दी सूखेगा. एक बार और मारूँ?"

"मार दो," मी म्हणायचो.

मेडिकलवाल्याने खाजेची म्हणून एक ट्यूब दिली. ती लावली की दोन-तीन दिवस आराम पडायचा आणि बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त उठायचं, म्हणून मी ती बंदच करत नसे. मग गोदामातला एक सहकारी मला अकलोलीला घेऊन गेला. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर कातडीच्या तक्रारी घेऊन लांबलांबून लोक येतात. मी पायरीवर बसून मानेवर तांब्याने ते कढत पाणी ओतत राहिलो. त्या वेळी इतकं बरं वाटलं की येताना मी वडापाव माझ्यातर्फे दिला. दुसऱ्या दिवशी मान सुजून इतकी दुखायला लागली की मागून कुणी हाक मारली तर मला सगळं अंग वळवावं लागत होतं.

यानंतर मी आईला सांगून टाकलं की खवडे गेले. उपाय सांगून ती थकली होती आणि मी ऐकून. आणि बाबांना म्हटलं, "कॉलरला जरा जास्त खळ लावा ना." मला मान झाकायला कॉलर उंच आणि ताठ हवी होती. बाबा खूश झाले. त्यांना वाटलं, पोराला आता साहेबी आवडायला लागली.

असं सगळं चालू असताना ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली.

ताई माझ्यापेक्षा मोठी, खारबावला दिलेली. तिला मुलगी झाली. आमचं घर दीड खोलीचं. त्या घरात तान्हं बाळ आलं आणि मी डोक्यात तो लागणारा रोग घेऊन वावरत होतो. खवडे मुलांना सगळ्यात आधी धरतात, हे मला शाळेपासून पक्कं ठाऊक होतं. भाचीचं डोकं तर इतकं कोवळं होतं की टाळू श्वासागणिक वरखाली व्हायची. मी ठरवून टाकलं की तिला हात लावायचा नाही. कामावरून आलो की उंबऱ्यातूनच बघायचो. आई म्हणायची, "घे की जरा, माझ्या हाताला पीठ हाय." मी म्हणायचो, "कपडे धुळीचे आहेत." कपडे बदलले की म्हणायचो, "सर्दी झाली आहे." झोपायला मित्राच्या खोलीवर जायचो, कारण सांगायचो की बाळ रडतं आणि मला सकाळची शिफ्ट आहे.

ताई हे सगळं बघत होती, आणि तिच्या सासरी त्याचा वेगळाच अर्थ लावला गेला. मला तो बऱ्याच उशिरा कळला.

ताई सासरी परतली. भाची मान धरायला लागली, मग पालथी पडायला लागली, हे सगळं मला फोनवरच्या व्हिडिओत दिसत होतं. मग एका संध्याकाळी ताईचा फोन आला. वर्ष भरायच्या आत जावळ काढायचं ठरत होतं. आमच्या घरात आता देवपूजा नाही, कार्य असलं की बुद्धवंदना होते. जुन्या बऱ्याच रीती आम्ही सोडल्या. पण बाळाचे पहिले केस काढताना ते मामाच्या मांडीवर बसलेलं असतं, ही रीत कुणी सोडलेली नाही. त्यात देवाधर्माचं काही नाही, नात्याचं आहे. आणि भाचीला मामा मी एकटाच.

"रविवार धरू का? तुझी सुट्टी असते," ताई म्हणाली.

मी म्हटलं, "भावजींच्या भावाला बसव ना."

"तो काका हाय. मामा तू हायस."

"हो, पण मला नाही जमणार."

"कोणत्या रविवारी न्हाय जमणार?"

मग ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही.

"माझी सासू बोलते ते खरंच हाय मग. मामाला पोरगा पायजे होता. पोरगी झाली म्हणून मामा हातात घेत न्हाय. मी तिच्याशी भांडले रे, माझा भाऊ तसला न्हाय म्हणून. शिकलेला हाय म्हणून." आणि ती रडायला लागली.

माझ्याबद्दल कुणी काहीही समजलं असतं, पण हे नाही. मी तिला तिथेच सगळं सांगून टाकलं. पुळ्या, खवडे, वस्तरा, ट्यूब, सगळं. मग ती एवढंच म्हणाली, "उद्या सुट्टी टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाचीला घेऊन खारबावहून रिक्षाने आली. बाळ आईकडे दिलं आणि चप्पलही न काढता माझ्याकडे वळली.

"वळ. मान दाखव."

मी वळलो. तिने कॉलर खाली ओढली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"मेडिकलवाल्याला दाखवलं होतं."

"अरे, बी.कॉम. झालास ना तू? का नुसती फी भरलीस?"

आई मध्ये पडली, "मला तर बोलला, गेलं म्हणून!" तिलाही चार शब्द ऐकावे लागले. बाबा कोपऱ्यात माझ्या शर्टाला इस्त्री करत होते.

सरकारी इस्पितळात केसपेपर काढून आम्ही कातडीच्या विभागासमोर रांगेत बसलो. ताईने मला आधीच बजावलं होतं की आत मी बोलणार, तू फक्त मान दाखव. नंबर आला. टेबलामागे साधारण चाळिशीच्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मॅडम बसल्या होत्या. भिवंडीतल्याच, कोकणी मुसलमान घरातल्या, हे त्यांच्या मराठीवरून कळत होतं. त्यांनी मला स्टुलावर पाठमोरं बसवलं आणि मानेला हात लावला. त्या हात लावतील याची मला कल्पनाच नव्हती. मी आपोआप पुढे सरकलो.

"दुखलं?"

"नाही. तुमच्या हाताला लागेल, मॅडम."

"काय लागेल?"

"खवडे आहेत."

"असं? मग मी इथे बसून काय करते? निदान तुम्हीच करा." त्या हसल्या आणि दिवा लावलेलं भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझी कॉलर दोन बोटांत धरून वाकवायचा प्रयत्न केला. ती वाकली नाही.

"ही कॉलर आहे की पुठ्ठा? कोण खळ लावतं?"

"बाबा. सायझिंगमध्ये होते."

"तरीच. आमच्या अब्बांचे लूम होते. ही खळ सुताला लावतात हो, माणसाला नाही." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "केस कधी कापता?"

मी अभिमानाने सांगितलं, "दर आठवड्याला. झीरो मशीन, वर वस्तरा. अगदी स्वच्छ ठेवतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता नीट ऐका. हे खवडे नाहीत. खवडे बुरशीने होतात, ते लागतात, लहान मुलांना जास्त. तुमच्या आईने सांगितलं ते खवड्यांबद्दल खोटं नाही, पण तुमचा आजार दुसरा आहे. ही केसांच्या मुळांची सूज आहे."

मग त्यांनी केसपेपरच्या मागे एक चित्र काढलं. कातडीत एक बारीक खड्डा, विहिरीसारखा, त्याच्या तळातून केस उगवून वर येतो. "मानेवरचे केस जाड असतात. वस्तऱ्याने अगदी मुळाशी कापले की टोक अणकुचीदार होतं. ते बाहेर यायच्या ऐवजी कधी कधी वळून कातडीतच घुसतं. वरून घाम, वरून ही कॉलर घासते. शरीराला वाटतं बाहेरचं काहीतरी आत शिरलंय, आणि ते त्या जागेशी लढायला लागतं. ती लढाई म्हणजे ही सूज. लढाई फार दिवस चालली की तिथे घट्ट व्रण तयार होतो आणि केस पुन्हा उगवत नाही. नेमकं काहींनाच हे का होतं, ते आम्हालाही पूर्ण माहीत नाही. पण कशाने वाढतं ते माहीत आहे."

"कशाने?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

"तुम्ही जे बरं व्हावं म्हणून करत होतात ना, त्यानेच."

त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ॲक्ने कीलॉइडालिस. नावात ॲक्ने असलं तरी या तरुणपणी चेहऱ्यावर येतात त्या पुटकुळ्या नव्हेत, हेही सांगितलं. ते लांबलचक नाव ऐकून मला जो धीर आला तो कसा सांगू? माझ्या मानेवरच्या गोष्टीला नाव होतं. म्हणजे ती माझ्याआधी कुणाला तरी झाली होती, कुणीतरी ती बसून नीट पाहिली होती.

पण ज्यासाठी आलो होतो तो प्रश्न माझ्या तोंडून निघेना. तो ताईने विचारला.

"मॅडम, माझी पोरगी हाय लहान. तिचं जावळ काढायचंय, याच्या मांडीवर. बसवू का?"

"म्हणजे?"

"याला वाटतं तिला लागेल. म्हणून यानं तिला जन्मल्यापासून हात न्हाय लावला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. "जन्मल्यापासून?"

मी मान हलवली.

"हे लागत नाही," त्या प्रत्येक शब्दावर थांबत म्हणाल्या. "हात लावून नाही, उशीने नाही, टॉवेलने नाही, मांडीवर घेऊन तर नाहीच. जावळाची वाट कशाला बघता? घरी जा आणि घ्या तिला." मग ताईला म्हणाल्या, "आणि हे सांगतात तसं जर का लागत असतं, तर असल्या माना मी रोज हाताळते, मला पण झालं असतं. माझे केस बघा, सगळे जागेवर आहेत."

"अल्ला करो तसंच राहो," मागे दाराशी रांगेत बसलेली एक म्हातारी म्हणाली, आणि सगळी ओपीडी हसली.

मॅडमनी औषधं लिहिली. काही आठवडे घ्यायच्या गोळ्या, मानेला लावायचं मलम, धुवायचं एक औषध. मी दाखवलेली मेडिकलची ट्यूब स्टिरॉइडची निघाली, ती त्यांनी बंद करायला सांगितली. "मी देते त्या मलमातही स्टिरॉइड आहे, पण ते किती आणि किती दिवस, ते मी ठरवणार. तुम्ही नाही, मेडिकलवाला नाही." वस्तरा बंद, मशीनही बंद, केस कात्रीने आणि थोडे लांबच. कॉलर मऊ. अकलोलीचं ऐकून म्हणाल्या, "कुंडाला दोष देऊ नका. पण सुजलेल्या जागेवर इतकं कढत पाणी नको." शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं की जिथे व्रण झाले आहेत तिथे केस बहुधा परत येणार नाहीत, आणि आजार मधूनमधून डोकं वर काढेल. "पण तुम्ही लवकर आलात."

"लवकर?" ताई म्हणाली.

"काही लोक मानेवर गाठोडं घेऊन येतात. त्यामानाने लवकर."

घराच्या गल्लीशी रिक्षातून उतरताना ताई म्हणाली, "सासूला काय सांगू? माझा भाऊ चांगला हाय, फक्त येडा हाय?"

"सांग," मी म्हटलं.

घरात गेलो तर भाची आईच्या मांडीवर जागीच होती. मी हात-पाय धुतले. गरज नव्हती हे आता माहीत होतं, तरी साबणाने कोपरापर्यंत धुतले. आईने तिला माझ्या हातात दिलं. मी समजलो होतो त्यापेक्षा ती जड होती. तिने माझं नाक धरलं आणि खूप विचार करून ओढलं. ताई भिंतीकडे तोंड करून उगाच पिशवी आवरत होती. माझ्या छातीवरून इतक्या महिन्यांचं काहीतरी उतरलं.

राहिली गोष्ट बाबांची. मॅडमचं सगळं बोलणं ताईने घरात सांगितलं, पण कॉलरपाशी आली आणि अडखळली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांना ते कळलं. ते उठले, खुंटीवरचा माझा शर्ट काढला आणि कॉलर चुरून पाहिली.

"हिच्यानं?" त्यांनी विचारलं.

"नुसतं हिच्यानं नाही, बाबा. मुख्य वस्तरा."

ते शर्ट घेऊन मोरीत गेले. दुपारी बघतो तर माझे सगळे शर्ट गरम पाण्यातून काढून, खळ धुऊन दोरीवर वाळत होते आणि कॉलरी वाऱ्यावर लोळत होत्या. संध्याकाळी गल्लीतला एक लूमवाला म्हणाला, "क्या चाचा, मॅनेजर का प्रमोशन उतर गया क्या?" बाबा म्हणाले, "नौकरी डोके से करता है, कॉलर से नहीं."

पुढचे महिने सोपे नव्हते. गोळ्यांनी पोटात ढवळायचं. जाड झालेल्या दाण्यांमध्ये मॅडमनी इंजेक्शनं दिली, ती देताना डोळ्यांत पाणी यायचं. सलूनवाला तर माझी मान बघून हळहळायचा. "भाई, पीछे जंगल हो गया है. थोडा तो मारने दो!" मी त्याला मॅडमनी काढलेलं चित्र दाखवलं. त्याने ते आरशाशेजारच्या पंख्याच्या वाऱ्यात उडू नये म्हणून पावडरच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाला, "अच्छा, बाल ही अंदर घुस रहा है? तो फिर कैंची."

पू आधी गेला. मग खाज गेली. एका सकाळी मी उशीवर उताणा झोपलेला जागा झालो आणि मान दुखत नव्हती. दोन गुळगुळीत जागा राहिल्या, त्या केस वाढवल्यावर झाकल्या गेल्या. जावळ मागेपुढे होत होतं, ताईच्या सासरी कुणाची तरी बदली, कुणाची तरी परीक्षा. ते ठरायच्या आतच मी एकदा तपासून घ्यायला गेलो तर मॅडमच्या खुर्चीवर दुसरे डॉक्टर होते. मॅडमची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती. फोन नंबर मागायचा धीर झाला नाही, पण केसपेपर देणाऱ्या बाईंनी त्यांच्या नव्या इस्पितळाचा पत्ता सांगितला. जावळ झाल्यावर मी पत्र लिहिलं. घरात पाकीट नव्हतं, बाबांनी जाऊन आणलं. पत्र असं होतं:

आदरणीय मॅडम यांस,

सविनय नमस्कार.

आपल्याकडे रोज इतके पेशंट येतात, त्यामुळे मी आठवणार नाही. भिवंडीचा, मानेवरच्या पुळ्यांना खवडे समजणारा, बहिणीबरोबर आलेला मुलगा, तो मी.

आपल्याला कळवायचं म्हणजे माझ्या भाचीचं जावळ खारबावला व्यवस्थित पार पडलं. मी बसण्यासाठी पुढे गेलो तेव्हा ताईच्या सासूबाईंनी मला थांबवलं. मी वाकलो तशा केसांखालच्या दोन गुळगुळीत जागा त्यांना दिसल्या. "पोरीच्या डोक्याचा मामला हाय, मामा, समदं खरं सांग," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. पूर्वीचा मी असतो तर कारण काढून निघून आलो असतो. मी त्यांच्याजवळ बसलो आणि आपण मला सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. केस कुठून उगवतो, वस्तऱ्याने काय होतं, शरीर कशाशी लढतं, आणि हे एकाचं दुसऱ्याला का होत नाही. मला वाटलं नव्हतं की मला ते इतकं नीट सांगता येईल. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझी मान पुढे वाकवून त्या जागांवरून स्वतःचा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मंग इतके दिस बोललास का न्हाय? आमी तुला काय काय समजलो." त्यांनीच पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

न्हाव्याला मी कात्रीच वापरायला सांगितली. त्यावरून थोडी हुज्जत झाली, वस्तरा फिरवल्याशिवाय जावळ कसलं, असं दोघी-तिघी म्हणाल्या. पण सासूबाई म्हणाल्या, "मामा बोलतो तसंच." भाची आधी रडली, मग कात्रीचा आवाज ऐकत गप्प बसली, आणि अर्धं डोकं झाल्यावर तिने माझी पँट भिजवली. सगळे हसले. केस तिच्या आत्याने पदरात घेतले. मी शेवटपर्यंत हललो नाही.

ताई आता माझ्याशी पूर्वीसारखी भांडते. याचाही मला फार आनंद आहे.

आपण म्हणाला होतात की हे पुन्हा येऊ शकतं. मागच्या आठवड्यात उजव्या बाजूला एक पुळी आली. खोटं कशाला सांगू, ती हाताला लागली तेव्हा मला आधी जुनी ट्यूबच आठवली. पण मी ट्यूब आणायला गेलो नाही. नव्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी मलम दिलं. त्याच संध्याकाळी ताई आली होती. मी भाचीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणलं, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी तिला तसंच झोपू दिलं.

आपला कृतज्ञ.